खेड्यातील दूरसंचार आणि तंत्रज्ञाची जबाबदारी



खेड्यात नवी सोय आली की तिच्या उद्घाटनाची चर्चा होते, तिच्या देखभालीची होत नाही. विहीर खोदली जाते तेव्हा सारा गाव गोळा होतो. पण पंपाचा वायसर झिजला म्हणजे एकटा मिस्त्री आठवतो. दूरसंचाराची गोष्ट याहून निराळी नाही. ग्रामपंचायतीत इंटरनेट आले, शाळेत संगणक आला, स्वस्त धान्य दुकानात अंगठा लावण्याचे यंत्र आले. या सर्वांना जोडणारा तंतू मात्र जमिनीखाली किंवा खांबावर असतो, आणि तो शाबूत ठेवणारा माणूस क्वचितच कुणाच्या डोळ्यांसमोर येतो. त्या माणसाचे, म्हणजे दूरसंचार व संगणक-जाळ्याच्या तंत्रज्ञाचे, काम काय आहे, त्यासाठी कोणते ज्ञान लागते आणि गावाने त्याला कोणते साहाय्य करावयास हवे, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

रामाकोना : एक सीमेवरचे गाव

विषय हवेत राहू नये म्हणून एक गाव डोळ्यांसमोर ठेवणे बरे. रामाकोना हे सौंसर तालुक्यातील गाव नागपूर–छिंदवाडा मार्गावर, कन्हान नदीच्या काठी वसलेले आहे. १९५६ पूर्वी हा सारा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या एकाच राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके मिळून पांढुर्णा हा नवा जिल्हा अस्तित्वात आला. घरात मराठी, कचेरीत हिंदी, संत्र्याचा बाजार नागपूरकडे आणि सरकारी कागद मध्य प्रदेशचे, असे येथील जीवन आहे.

दूरसंचाराच्या दृष्टीने या सीमेला एक विशेष अर्थ आहे. दूरसंचार मंडळांची आखणी सामान्यतः राज्यांना धरून झालेली असल्यामुळे रामाकोना मध्य प्रदेश मंडळात आणि नागपूर महाराष्ट्र मंडळात येते. नागपूर येथून शंभर किलोमीटरच्या आत आहे. तरीही भ्रमणध्वनीच्या पहिल्या काळात मोबाइल घेऊन नागपूरच्या मंडईत गेलेल्या बागाईतदाराला परमंडळाचा जादा आकार पडत असे. दुरुस्तीचे अधिकार आणि तक्रारीचे मार्ग हेही मंडळांप्रमाणेच वाटलेले असतात. सीमेवरच्या गावातील तंत्रज्ञाला हे सारे ध्यानात ठेवून काम करावे लागते.

भूगोलही येथे सोपा नाही. दक्षिणेस सपाट काळी जमीन आणि उत्तरेस सातपुड्याचा चढ. छिंदवाड्याकडे जाणारी रेल्वे भिमालगोंदी आणि भंडारकुंड यांच्या दरम्यान घाट चढते. अशा प्रदेशात मनोऱ्यावरून निघालेल्या रेडिओलहरी टेकडीआड पोहोचत नाहीत. एका वाडीत फोन स्पष्ट लागतो आणि दोन शेते ओलांडून पलीकडे गेले की तो मुका होतो. अरुंद रुळांची जुनी गाडी २०१५ मध्ये बंद होऊन मार्ग रुंद रुळांचा करण्यात आला आणि महामार्गाचेही रुंदीकरण झाले. या विकासाचे स्वागतच केले पाहिजे. पण रस्ता व रेल्वे यांच्या कडेने जेथे जेथे माती उपसली जाते, तेथे तेथे जमिनीतील केबलीला धोका असतो, हेही विसरता येत नाही.

तारेपासून तंतूपर्यंत

भारतात विद्युत तारायंत्राचा पाया घालणारे विल्यम ओ’शॉनेसी हे व्यवसायाने डॉक्टर आणि कोलकात्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात रसायनशास्त्राचे अध्यापक होते. कोलकाता ते डायमंड हार्बर ही पहिली तार १८५० च्या सुमारास त्यांच्या देखरेखीखाली उभी राहिली. युरोपातील बारीक तारा येथे टिकणार नाहीत हे ओळखून त्यांनी सुरुवातीस जाड लोखंडी सळया वापरल्या. परदेशी यंत्र आपल्या हवामानाला, मातीला आणि माकडांना पुरे पडेल असे करून घेणे, हे तेव्हापासूनच या देशातील तंत्रज्ञाचे पहिले काम ठरले. १८५५ मध्ये तारसेवा जनतेस खुली झाली. पुढे सुमारे दीडशे वर्षांहून अधिक काळ जन्म-मृत्यूच्या वार्ता तिने गावोगाव पोहोचविल्या. जुलै २०१३ मध्ये ती बंद झाली.

दूरध्वनीची केंद्रे १८८२ मध्ये कोलकाता, मुंबई आणि चेन्नई येथे सुरू झाली. ती शहरांपुरतीच होती. ग्रामीण भागापर्यंत टेलिफोन नेण्याच्या मार्गात दीर्घकाळ एक साधीच अडचण होती. परदेशी बनावटीच्या इलेक्ट्रॉनिक केंद्रांना वातानुकूलित खोली आणि अखंड वीज लागे. खेड्यात या दोन्हींचा अभाव. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने हा प्रश्न हाती घेतला आणि वातानुकूलनाशिवाय चालणारे १२८ जोडण्यांचे लहान ग्रामीण स्वयंचलित केंद्र तयार केले. असे पहिले केंद्र १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे सुरू झाले. तालुक्याच्या गावाखालच्या लहान गावांत टेलिफोनचा खणखणाट ऐकू येऊ लागला तो अशा केंद्रांमुळे.

त्यानंतरचे बदल झपाट्याने झाले. १९९५ मध्ये भ्रमणध्वनी आला. १ ऑक्टोबर २००० पासून दूरसंचार खात्याची सेवा भारत संचार निगमाकडे गेली. ऑक्टोबर २०११ मध्ये सर्व ग्रामपंचायतींना प्रकाशतंतूच्या केबलीने जोडण्याच्या राष्ट्रीय योजनेस मंजुरी मिळाली. राजस्थानातील अराईं, आंध्र प्रदेशातील परवाडा आणि त्रिपुरातील पानिसागर या तीन गटांत तिची चाचणी घेण्यात आली. २०१५ पासून ही योजना ‘भारतनेट’ या नावाने ओळखली जाते. ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्या सुधारित कार्यक्रमास १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपयांची मंजुरी देण्यात आली. या सुधारित कार्यक्रमातील दोन गोष्टी तंत्रज्ञाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली ही की, गटापासून गावापर्यंत एकेरी केबल नेण्याऐवजी गावांची वर्तुळे करून जोडणी करावयाची, म्हणजे एका बाजूने केबल तुटली तरी दुसऱ्या बाजूने संदेश फिरून येतो. दुसरी अशी की, बांधणीबरोबरच दहा वर्षांच्या देखभालीची तरतूद योजनेतच करण्यात आली आहे. केबल पुरणे हे काम नव्हे, ती जिवंत ठेवणे हे काम होय, ही गोष्ट अनुभवाने मान्य झाली, असाच याचा अर्थ.

तांब्याच्या जोडीचे शास्त्र

तंत्रज्ञाच्या कामाचे स्वरूप समजण्यासाठी प्रथम जुन्या तांब्याच्या जोडीकडे पाहावे. टेलिफोन केंद्रात दोन व्होल्टचे चोवीस घट एकापुढे एक जोडून अठ्ठेचाळीस व्होल्टचा विद्युतसंच केलेला असतो. त्याचा धन टोक जमिनीला जोडतात आणि ऋण टोक तारेवर देतात. हे उलट का नाही, असा प्रश्न चौकस विद्यार्थी विचारील. उत्तर असे की, ओल्या मातीत धन भाराची तांब्याची तार हळूहळू विरघळून जाते. ऋण ठेवली म्हणजे ती तगते. गावात वीज नसतानाही जुना टेलिफोन चालत असे, याचे कारणही हेच घट.

केंद्रातून निघालेली शेकडो जोड्यांची केबल पेटीत, पेटीतून खांबावरच्या डब्यात आणि तेथून घरात जाते. जोडी ओळखण्यासाठी पांढरा, लाल, काळा, पिवळा आणि निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखी अशा रंगांचा ठरलेला क्रम असतो. हा क्रम ज्याला पाठ नाही त्याने शंभर जोड्यांची केबल उघडू नये. एक जोडी चुकली की एकाचे बोलणे दुसऱ्याच्या घरात ऐकू येते. पावसाळ्यात सांध्यात पाणी शिरले की तारांमधील विद्युतरोध घटतो आणि फोनमध्ये खरखर सुरू होते. जुना लाइनमन ही खरखर ऐकूनच दोष कुठल्या प्रकारचा आहे हे सांगत असे. त्याच्या कानाला मापनयंत्राची जोड होती, पण कानाचा सराव हेच त्याचे खरे भांडवल होते.

काचेच्या तंतूचे शास्त्र

तांब्याची जागा आता काचेने घेतली आहे. प्रकाशतंतूची जाडी १२५ मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरचा आठवा भाग, आणि प्रकाश ज्यातून वाहतो तो गाभा केवळ सुमारे नऊ मायक्रॉनचा असतो. असे दोन तंतू जोडताना गाभ्यावर गाभा अचूक यावा लागतो. त्यासाठी तंतूवरचे आवरण काढून, मद्यार्काने पुसून, विशेष कटरने त्याचे टोक काटकोनात कापतात. मग जोडयंत्रात दोन्ही टोके समोरासमोर आणून विजेच्या ठिणगीने वितळवून एकजीव करतात. चांगल्या जोडात प्रकाशाची हानी एका डेसिबलच्या दहाव्या भागाहूनही कमी असते. बोटाचा तेलकटपणा किंवा धुळीचा एक कण एवढाच दोष पुरेसा होतो आणि जोड वाया जातो. म्हणून शेताच्या बांधावर, वारा सुटलेला असताना, उघड्यावर हा जोड करू नये. छत्री किंवा ताडपत्रीचा आडोसा करूनच करावा.

येथे हिशेबाचे महत्त्व दिसून येते. प्रकाश तीन डेसिबलने घटला म्हणजे त्याची शक्ती निम्मी झाली. आता असे समजू की गट-केंद्रापासून ग्रामपंचायतीपर्यंत वीस किलोमीटर तंतू आहे. किलोमीटरला ०.३५ डेसिबल या दराने तंतूची हानी सात डेसिबल झाली. मध्ये चार वाटा करणारा विभाजक असेल तर त्याची आणखी सुमारे सात. दहा जोडांची एक आणि चार जोडटोपणांची मिळून दोन. एकूण सतरा. या पद्धतीच्या यंत्रणेस सामान्यतः अठ्ठावीस डेसिबलपर्यंतची हानी सोसते, म्हणजे अकरा डेसिबल हाताशी राहिले. ही शिल्लक म्हणजे तंत्रज्ञाची तिजोरी होय. पुढे केबल तुटून नवे जोड पडतील, टोपणे मळतील, त्या प्रत्येक वेळी तिच्यातून खर्च होणार. दुरुस्ती निष्काळजीपणे केली, जोडामागे अर्धा-एक डेसिबल गमावला, तर काही वर्षांतच ही तिजोरी रिकामी होते आणि कोणताही नवा दोष नसताना जोडणी बंद पडते. मग यंत्र वाईट आहे असे म्हटले जाते. दोष यंत्राचा नसून आधीच्या दहा घाईच्या दुरुस्त्यांचा असतो.

तुटलेली जागा शोधणे

केबल तुटली तर ती कुठे तुटली हे जमिनीवरून दिसत नाही. त्यासाठी एक मापनयंत्र असते. ते तंतूत प्रकाशाचा अत्यल्प स्पंद सोडते आणि परत येणाऱ्या क्षीण प्रकाशाचा काळ मोजते. विहिरीत हाक मारून प्रतिध्वनीवरून खोली अजमावावी तसाच हा प्रकार. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर असतो. जाऊन येण्यास एक मायक्रोसेकंद लागला तर दोष सुमारे शंभर मीटरवर आहे.

परंतु यंत्राने दिलेला आकडा आणि जमिनीवरचे अंतर एकच नव्हे. उदाहरणादाखल असे समजू की सौंसरकडून रामाकोन्याच्या दिशेने मोजताना यंत्राने ७,४०० मीटर हा आकडा दाखविला. केबलीच्या आत तंतू किंचित सैल, नागमोडी ठेवलेले असतात, म्हणून तंतूची लांबी केबलीहून साधारण एक टक्का जास्त धरली तर सुमारे ७४ मीटर वजा करावे लागतील. दर दोन किलोमीटरवर जोड असेल तर वाटेत तीन जोड आले. प्रत्येक जोडाशी पुढील दुरुस्तीसाठी वीस मीटर केबल गुंडाळून ठेवलेली असेल तर आणखी ६० मीटर गेले. म्हणजे तुटलेली जागा जमिनीवर ७,२७० मीटरच्या आसपास आहे. जो तंत्रज्ञ हा हिशेब न करता ७,४०० मीटरवर कुदळ मारील तो दिवसभर खणून रिकाम्या हाताने परतेल.

यावरून आणखी एक गोष्ट सिद्ध होते. जोड कुठे आहेत, गुंडाळी किती आहे, केबल रस्त्याच्या कोणत्या बाजूने आणि किती खोल गेली आहे, यांचा नकाशा व नोंदवही हे तंत्रज्ञाचे जोडयंत्राइतकेच महत्त्वाचे हत्यार आहे. केबल टाकताना ज्याने नोंद ठेवली नाही त्याने पुढच्या पिढीचे काम दुप्पट करून ठेवले. नोंदवहीत तारीख, जागा, कारण आणि दुरुस्तीनंतरचे माप या चार गोष्टी लिहिल्या तरी पुरे. असे कागद एका वर्षाचे जमले की कोणत्या वळणावर केबल वारंवार तुटते हे आपोआप दिसू लागते.

दोष नेहमी केबलीतच नसतो

ग्रामपंचायतीतून ‘नेट बंद आहे’ अशी तक्रार येते. ही तक्रार म्हणजे ‘अंगात बरे नाही’ असे वैद्याला सांगण्यासारखी आहे. कुशल तंत्रज्ञ क्रमाने पाहत जातो. प्रथम वीज आहे काय? पंचायतीतील पेटीचा दिवा लागला आहे काय? विद्युतघट चार्ज होतात काय? मग प्रकाश येतो काय, आणि किती डेसिबलचा येतो? प्रकाश ठीक असेल तर पेटीपासून संगणकापर्यंतची तार, जोडणीचा पत्ता, वायफायचा संकेतशब्द. यंत्रणा ठीक असून शेवटी एखादे बटण कुणी बंद केलेले आढळते, किंवा पंचायतीच्या खोलीला कुलूप असल्यामुळे बंद पडलेली पेटी कुणी पाहिलेलीच नसते. खोलीची किल्ली कोणाकडे, विजेचे बिल कोण भरणार, आणि पंखा लावण्यासाठी पेटीची वायर काढू नये हे कोण सांगणार, हे प्रश्न तंत्राचे नसून गावच्या व्यवस्थेचे आहेत. ते सुटले नाहीत तर लाखो रुपयांची केबल निरुपयोगी ठरते.

जमिनीत विजेची जोडणी म्हणजे अर्थिंग, हा दुसरा दुर्लक्षित विषय. सातपुड्याच्या पायथ्याशी पावसाळ्याच्या तोंडावर विजा पडतात. अर्थिंग सुके पडले, त्याची पट्टी गंजली किंवा चोरीस गेली, तर एका कडकडाटात यंत्रे जळून जातात. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात दोन घागरी पाणी घालणे हे काम शिपाईही करू शकतो. ते केले म्हणजे हजारो रुपयांचे नुकसान टळते.

जिवाची काळजी

हा व्यवसाय धोक्यापासून मुक्त नाही. मनोऱ्यावर चढणाऱ्याने कमरेचा व छातीचा पट्टा बांधल्याशिवाय आणि शिरस्त्राण घातल्याशिवाय एक पायरीही चढू नये. वाऱ्या-पावसात मुळीच चढू नये. दूरसंचाराची केबल जेथे विजेच्या खांबांवरून नेलेली आहे तेथे वीज मंडळाच्या माणसाला कळवून, पुरवठा बंद झाल्याची स्वतः खात्री करून मगच हात लावावा. तंतूतील प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. म्हणूनच तो अधिक घातक. चालू तंतूच्या टोकात कधीही डोकावून पाहू नये. कापलेल्या तंतूचे तुकडे काट्यासारखे बोटात रुततात आणि काढता येत नाहीत. ते बंद डबीत टाकावेत. जोडाच्या जागी बसून भाकरी खाऊ नये. चेंबरमध्ये उतरण्यापूर्वी झाकण काही वेळ उघडे ठेवावे, कारण आत विषारी वायू साठलेला असू शकतो. काम वेळेवर पुरे करण्याच्या घाईत जीव गमावलेल्या माणसाची जागा कोणतीही नुकसानभरपाई भरून काढीत नाही.

शिक्षण आणि उपजीविका

हे काम शिकावयाचे कोठे? दहावी उत्तीर्ण मुलामुलींना औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक आणि माहिती-संचार यंत्रणा देखभाल हे दोन वर्षांचे व्यवसाय शिकता येतात. त्यापुढे तंत्रनिकेतनाची तीन वर्षांची पदविका आहे. तंतू जोडणारा, ब्रॉडबँड तंत्रज्ञ, मनोरा तंत्रज्ञ अशा कामांसाठी कौशल्य परिषदेचे थोड्या मुदतीचे अभ्यासक्रमही आहेत. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली विद्यावेतनासह प्रत्यक्ष काम शिकण्याची सोय आहे. या प्रदेशाला जबलपूर दूर नाही. तेथील दूरसंचार प्रशिक्षण केंद्र १९४२ पासून चालू आहे आणि आज ते डॉ. भीमराव आंबेडकर यांच्या नावाने ओळखले जाते. देशभरच्या दूरसंचार कर्मचाऱ्यांच्या कित्येक पिढ्या तेथे तयार झाल्या.

परंतु व्यवसायाचे चित्र रंगवताना त्याची काळी बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. पूर्वीचा लाइनमन खात्याचा कायम नोकर असे. गाव त्याला नावाने ओळखे. ३१ जानेवारी २०२० रोजी भारत संचार निगमातील सुमारे ७८ हजार कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले. केबल कोणत्या आंब्याखालून गेली हे ज्यांना तोंडपाठ होते असे अनेकजण त्यांत होते, आणि त्यांचे ज्ञान बहुतांशी त्यांच्याबरोबरच गेले. आज देखभालीचे पुष्कळसे काम कंत्राटदारांकडून होते. कंत्राटावरच्या तरुणाला स्वतःची मोटारसायकल, अपुरी हत्यारे आणि वीस-वीस गावांची जबाबदारी एवढेच अनेकदा मिळते. कंत्राट बदलले की माणूस बदलतो, आणि नव्या माणसाला केबलीचा मार्ग पहिल्यापासून शोधावा लागतो. देखभालीची रक्कम मंजूर होणे पुरेसे नाही. ती रक्कम प्रशिक्षित हातांपर्यंत, विम्यापर्यंत, सुरक्षापट्ट्यापर्यंत आणि वेळेवर मिळणाऱ्या वेतनापर्यंत पोहोचली पाहिजे. संबंधित अधिकाऱ्यांनी कंत्राटाची तपासणी करताना बिलाबरोबर हेही पाहिले, तर बरेचसे दोष मुळातच नाहीसे होतील.

सप्टेंबर २०२५ मध्ये भारत संचार निगमाने देशी बनावटीचे चौथ्या पिढीचे जाळे देशभर सुरू केले. नवे मनोरे, नवी यंत्रे आली. पण प्रत्येक मनोऱ्याच्या पायथ्याशी अखेर एक केबल आणि एक माणूस लागतोच.

गावाने काय करावे

ग्रामपंचायतीने प्रथम आपल्या हद्दीतून जाणाऱ्या केबलीचा मार्ग माहीत करून घ्यावा आणि त्याचा नकाशा भिंतीवर लावावा. नळाची चारी, गटार किंवा शौचालयाचा खड्डा खणण्यापूर्वी तो पाहावा. जेसीबीच्या एका घासात शेकडो घरांची जोडणी तुटते. खोदकामापूर्वी केबलीच्या मालकांना कळविण्यासाठी मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने मोबाइलवरील सुविधाही सुरू केली आहे. रस्त्याच्या ठेकेदाराने तिचा उपयोग केला की नाही हे सरपंचांनी विचारावे. यंत्राच्या खोलीची किल्ली जबाबदार माणसाकडे असावी आणि विजेचे बिल थकू देऊ नये.

शिक्षकांनी या विषयाकडे केवळ संगणकाचा तास म्हणून पाहू नये. प्रकाशाचे संपूर्ण अंतर्गत परावर्तन हा धडा पुस्तकात असतो. पाण्याने भरलेल्या बाटलीला भोक पाडून त्या वाकलेल्या धारेतून विजेरीचा प्रकाश कसा वाहतो हे अंधाऱ्या खोलीत दाखविता येते. तोच धडा रामाकोन्याच्या रस्त्याकडेला पुरलेल्या केबलीत प्रत्यक्ष काम करीत आहे, हे मुलांना कळले तर विज्ञान परके वाटणार नाही. सीमाभागातील मुलांना यंत्राची पुस्तके इंग्रजीत आणि सूचना हिंदीत वाचाव्या लागतात. शिक्षकाने एकदा घरच्या मराठीत अर्थ फोडून सांगितला तर पुढची वाट मुले स्वतः चालतील. या शिक्षणात मुलींनाही मागे ठेवू नये. तंतू जोडण्याचे काम जोराचे नसून स्थिर हाताचे आणि चिकाटीचे आहे.

अधिकाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की जोडणी बंद पडली म्हणजे केवळ करमणूक बंद पडत नाही. स्वस्त धान्य दुकानातील यंत्र अंगठा ओळखत नाही आणि मजुरी बुडवून आलेली बाई रिकामी पिशवी घेऊन परत जाते. निवृत्तिवेतनासाठी आलेल्या वृद्धाला ‘सर्व्हर डाउन’ हे दोनच इंग्रजी शब्द ऐकावे लागतात. आरोग्य केंद्रातून दूरच्या तज्ज्ञाचा सल्ला घेता येत नाही. संत्र्याचा भाव कळत नाही आणि व्यापारी सांगेल तो मान्य करावा लागतो. शहरात जोडणी तुटली तर दुसरी असते, खेड्यात बहुधा एकच असते. म्हणून दुरुस्तीचा एक तास शहरापेक्षा खेड्यात अधिक मोलाचा आहे.

तंत्रज्ञाचे काम असे की ते नीट झाले तर कोणाला दिसत नाही. त्याचे प्रशस्तिपत्र म्हणजे न आलेली तक्रार. ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत त्याच्या भेटीची तारीख आणि केलेल्या मापाचा आकडा लिहिला जावा, त्याला बसावयास खुर्ची आणि प्यावयास पाणी मिळावे, आणि गावातील एखाद्या मुलामुलीने त्याच्या शेजारी बसून तो काय करतो हे पाहावे. एवढ्याने सुरुवात होऊ शकते. पुढचा तंत्रज्ञ मग बाहेरून पाठवावा लागणार नाही. तो रामाकोन्याचाच असेल, केबल कोणत्या आंब्याखालून गेली हे त्याला ठाऊक असेल, आणि पावसाळ्याच्या रात्री तक्रार आली तर तो पायी निघून तेथे पोहोचेल.